हावड्याच्या लाइनवरचा मनाचा डॉक्टर

१८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली. जुनी माणसं अजूनही जिला 'बीएनआर' म्हणतात, तीच. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी आधीची छोटी लाइन तिने ताब्यात घेतली, रुंद केली आणि पुढे बंगालपर्यंत नेली. गोंदिया आज जे काही आहे त्यात या लाइनीचा वाटा किती मोठा, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

त्याच १८८७ सालच्या ३० जानेवारीला बिहारात दरभंग्याला एक मुलगा जन्मला. नाव गिरींद्रशेखर बोस. वडील चंद्रशेखर हे दरभंगा राजचे दिवाण. नऊ भावंडांत हा सगळ्यात धाकटा. पुढे हा माणूस कलकत्त्यात बसून व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइडशी पत्रांतून वाद घालणार होता. रुग्णाला खुर्चीवर बसवून "काय होतंय ते तुमच्या भाषेत सांगा, मी ऐकतो" असं म्हणणारी उपचारपद्धत भारतात त्यानेच उभी केली. आपल्या स्टेशनवरून गीतांजली किंवा हावडा मेलने जेमतेम हजार किलोमीटरवरची ही गोष्ट. आणि आपल्याकडे त्याचं नाव कोणाला माहीत नाही.

पोस्ट मोठी आहे मित्रांनो. चहा घेऊन बसा.

आधी हे कशासाठी लिहितोय ते सांगतो. वीसेक वर्षं मी या जिल्ह्यात बातमीदारी करतोय. पोलीस ठाण्यातून येणाऱ्या आत्महत्येच्या बातमीत एक ओळ ठरलेली असते: "कारण अद्याप कळू शकले नाही." कधी "आजारपणाला कंटाळून", कधी "घरगुती कारणातून". गावात जाऊन विचारलं की लोक सांगतात, सहा महिन्यांपासून तो बोलत नव्हता, रात्री झोपत नव्हता, धानाच्या बांधीवर एकटाच बसून राहायचा. म्हणजे सगळ्यांना दिसत होतं. मग डॉक्टरकडे का नेलं नाही? यावर उत्तर काय येतं, तुम्हालाही ठाऊक आहे. "पागल थोडाच होता तो!"

हा 'पागल' शब्द आपल्या विदर्भात किती खोल रुतून बसलाय बघा. नागपुरात सरकारी मनोरुग्णालय १८६४ पासून आहे. दीडशे वर्षांहून जुनी संस्था. तिचं आजचं नाव प्रादेशिक मनोरुग्णालय, पण ऑटोवाल्याला ते नाव सांगून पाहा. चौकाचं नावच 'पागलखाना चौक'. लहानपणी आईबाप पोरांना याच जागेची भीती घालायचे, आणि मोठेपणी तीच पोरं स्वतःच्या बापाला तिथे न्यायला लाजतात. मग आधी बैगा, मग पुजारी, मग कोणी सांगितलेला महाराज, मग उधारी, आणि सगळ्यात शेवटी डॉक्टर. क्रम असा आहे.

हा क्रम उलटा करायचा प्रयत्न कलकत्त्यात नव्वदहून जास्त वर्षांपूर्वी एका माणसाने केला होता. म्हणून बोसांची गोष्ट.

गिरींद्रशेखरला लहानपणापासून दोन नाद. एक जादूचे प्रयोग, दुसरा संमोहन. म्हणजे आपल्या जत्रेत "झोप आली, झोप आली" म्हणत पोराला झोपवतात ना, तशातलं. फरक एवढाच की याने ते शास्त्र म्हणून वाचलं. कलकत्ता मेडिकल कॉलेजातून १९१० साली डॉक्टर झाला आणि खासगी प्रॅक्टिस थाटली. प्रॅक्टिस चांगली चालली, घरात पैसा आला. मोठा भाऊ राजशेखर बोस रसायनशास्त्रातला माणूस, बेंगॉल केमिकलचा व्यवस्थापक, आणि 'परशुराम' या नावाने लिहिणारा बंगालीतला बडा विनोदी लेखक. 'चलंतिका' हा बंगाली शब्दकोश त्याचाच. पारशीबागान लेनमधलं १४ नंबरचं त्यांचं घर म्हणजे कलकत्त्यातल्या रिकामटेकड्या विद्वानांचा अड्डा. (रिकामटेकडे हा शब्द मी आदराने वापरतोय. अशा अड्ड्यांतूनच कामं निघतात.)

धाकट्या डॉक्टर बोसांच्या ध्यानात एक गोष्ट आली. दवाखान्यात येणाऱ्या कितीतरी लोकांच्या शरीरात तपासून काही सापडत नाही. छातीत धडधडतं, हात लुळा पडतो, घशात काही अडकल्यासारखं वाटतं, आणि औषधाने फरक पडत नाही. त्यांनी आधी संमोहन वापरून पाहिलं. मग हळूहळू ते सोडून रुग्णाला फक्त बोलू देऊ लागले. बोलता बोलता माणूस अशा ठिकाणी पोचायचा की जिथे त्याने स्वतःच एक झाकण लावून ठेवलेलं असायचं.

इकडे जगात काय चाललं होतं तेही थोडक्यात बघू, नाहीतर बोसांची उंची कळणार नाही. व्हिएन्नात फ्रॉइड हेच सांगत होता: माणसाचं जे मन दिसतं त्याच्या खाली दुसरं एक मन असतं, नकोशा इच्छा आपण त्यात दाबून ठेवतो, आणि त्या इच्छा स्वप्नांतून, बोलण्यातल्या चुकांतून, आजारातून बाहेर डोकावतात. त्याचं स्वप्नांवरचं पुस्तक १९०० सालचं, पण जर्मनमध्ये. इंग्रजी जगाला ते वाचायला मिळालं १९१३ मध्ये, आणि ते इंग्रजीत आणणारा माणूस होता अब्राहम ब्रिल. या ब्रिलची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. ऑस्ट्रियाच्या राज्यातल्या गॅलिशिया भागातला हा गरीब ज्यू पोरगा, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास एकटाच न्यूयॉर्कला उतरला. पडेल ते काम करत शिकला, डॉक्टर झाला, १९०८ मध्ये युरोपात जाऊन फ्रॉइडला भेटला आणि त्याचे लेखन इंग्रजीत आणायचा मक्ताच घेऊन परतला. १९११ साली त्याने न्यूयॉर्कमध्ये मनोविश्लेषणाची संस्था काढली. त्याच्या भाषांतराला पुढे लोकांनी बरीच नावं ठेवली, पण अमेरिकेत फ्रॉइड पोचला तो ब्रिलच्या पाठीवरून.

ब्रिलला आगबोट मिळाली, फ्रॉइड भेटला, झ्युरिकच्या इस्पितळात शिकायला मिळालं. बोसांना यातलं काही नाही. ते आयुष्यात कधी युरोपला गेलेच नाहीत. फ्रॉइडला एकदाही भेटले नाहीत. कोणा गुरूसमोर बसून स्वतःचं मन उलगडून घ्यायची जी रीत या धंद्यात आहे, तीही त्यांना मिळाली नाही, कारण कलकत्त्यात गुरू होताच कोण? स्वतःच स्वतःचं तपासलं. फ्रॉइडचं साहित्य हाती पडायच्या आधीच आपल्या रुग्णांकडून ते बऱ्याच गोष्टी शिकलेले होते.

१९१६ च्या सुमारास कलकत्ता विद्यापीठाने मानसशास्त्राचा वेगळा विभाग सुरू केला. आपले चालत्या प्रॅक्टिसचे डॉक्टरसाहेब तिशीत पुन्हा विद्यार्थी झाले. १९१७ मध्ये एमए आणि १९२१ मध्ये डी.एस्सी. दडपणुकीच्या कल्पनेवरचा त्यांचा प्रबंध म्हणजे भारतातली मानसशास्त्रातली पहिली डॉक्टरेट. तो छापून त्यांनी थेट फ्रॉइडला पाठवला.

व्हिएन्नाहून उत्तर आलं. इतक्या दूरच्या देशात आपल्या विषयाला असा अभ्यासू मिळावा याचं म्हाताऱ्याला नवल वाटलं होतं. तिथून जी पत्रं सुरू झाली ती १९३७ पर्यंत चालली.

या पत्रव्यवहारातला एक किस्सा मला फार आवडतो. फ्रॉइड दिसतो कसा हे बोसांना ठाऊक नव्हतं. त्यांनी जतींद्रकुमार सेन या चित्रकार मित्राकडून फ्रॉइडचं चित्र काढून घेतलं, फोटो न बघता, केवळ लिखाण वाचून माणूस कसा असेल या अंदाजाने. आणि ते व्हिएन्नाला पाठवलं! फ्रॉइडने आभार मानले, चित्र फार सुंदर आहे, माझ्या मानाने जरा जास्तच सुंदर आहे, अशा अर्थाचं लिहिलं, आणि वंशाच्या काही खुणा चित्रकाराच्या हातून निसटल्याचा चिमटाही काढला. ज्यू माणसाचं चित्र कलकत्त्यात काढलं की असंच होणार. कल्पना करा, पारतंत्र्यातल्या शहरातला एक डॉक्टर जगातल्या सगळ्यात वादग्रस्त माणसाला सांगतोय, तुम्ही असे दिसत असाल असं आम्हाला वाटतं. त्यात लाचारी औषधालाही नाही.

१९२२ मध्ये पारशीबागानच्या त्याच घरात 'इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटी' स्थापन झाली. सुरुवातीला पंधरा सभासद, त्यात नऊ जण कॉलेजात मानसशास्त्र किंवा तत्त्वज्ञान शिकवणारे, आणि दोन इंग्रज डॉक्टर. आंतरराष्ट्रीय संघटनेने तिला मान्यता दिली. जरा सालं लावून बघा. पॅरिसमध्ये अशी संस्था निघाली १९२६ ला. म्हणजे फ्रान्सच्या चार वर्षं आधी कलकत्ता.

आता त्या इंग्रजांबद्दल बोलावंच लागेल, कारण विषय सार्वजनिक आहे आणि आजही लागू आहे. त्यातला एक ओवेन बर्कली-हिल. रांचीला गोऱ्यांसाठी वेगळं मनोरुग्णालय होतं, त्याचा हा प्रमुख. कामात वाकबगार, इस्पितळ सुधारलं, एका मलयाळी बाईशी लग्न केलेलं. पण याच माणसाने १९२१ मध्ये निबंध लिहिला की हिंदूंचा धर्म, तत्त्वज्ञान आणि स्वभाव यांचं मूळ लहानपणीच्या शौचाच्या सवयींच्या गुंत्यात आहे. दुसरा क्लॉड डेली, लष्करातला अधिकारी, पुढे या वर्तुळात आलेला. त्याने बंगालच्या क्रांतिकारकांवर आणि कालीपूजेवर लिहिलं, आणि स्वातंत्र्याची मागणी हा जणू मनाचा आजार असल्यासारखी मांडणी केली. म्हणजे बघा, दंडुका थकला की शास्त्र पुढे. ज्यांच्यावर राज्य करायचंय त्यांना आधी आजारी ठरवायचं. हे फक्त इंग्रजांनीच केलं असं नाही बरं का. आंदोलन करणाऱ्याला, जमिनीसाठी भांडणाऱ्या आदिवासीला, नवऱ्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या बाईला "डोकं फिरलंय" म्हणणारे आपल्यातही कमी नाहीत.

बोस या वाटेला गेले नाहीत. त्यांनी त्या दोघांशी जाहीर भांडण केलं नाही हे मला खटकतं, संस्था टिकवायची म्हणून गप्प बसले असावेत असा माझा अंदाज. पण स्वतःच्या कामात त्यांनी वेगळीच दिशा धरली. आपली माणसं जे सांगतात ते युरोपच्या साच्यात बसत नसेल तर साचा बदलायचा.

त्यांचा सिद्धांत होता परस्परविरुद्ध इच्छांचा. सोप्या भाषेत सांगतो. आपल्या मनातल्या प्रत्येक इच्छेला एक उलटी इच्छा चिकटलेली असते. मारायची इच्छा आहे तिथे मार खायचीही आहे. दुसऱ्यावर प्रेम करायचं आहे तिथे आपल्यावर प्रेम व्हावं हेही आहे. एक वर आली की दुसरी खाली दाबली जाते, शाळेच्या मैदानावरच्या सी-सॉच्या फळीसारखी. आणि खाली दाबलेली इच्छा स्वस्थ बसत नाही, तीच आजार होऊन त्रास देते. उपाय काय? रुग्णाला समोरच्याच्या जागी बसवायचं, कल्पनेत. ज्या सासूचा राग येतो, ती सासू तूच आहेस असं समज आणि बोल. ज्या मुलाला मारतोस, तो मुलगा हो. (उदाहरणं माझी, तत्त्व बोसांचं.) दोन्ही टोकांवर बसून झालं की फळी स्थिर होते.

फ्रॉइडला हे पटलं नाही. बाप आणि मुलगा यांच्यातल्या वैराबद्दल फ्रॉइडचं जे गाजलेलं मत आहे, तिथे तर दोघांचं सरळ वाजलं. मुलगा बापाच्या धाकापुढे हार मानतो आणि त्यातून त्याचं मन घडतं, असं फ्रॉइडचं म्हणणं. बोस म्हणाले, माझ्या रुग्णांत असं दिसत नाही. मुलगा बापाला जिंकतो, आणि मगच मोकळा होतो. शिवाय युरोपातल्या पुरुष रुग्णाला ज्या भीतीने ग्रासलेलं असतं, ती आमच्याकडे तेवढी नाही. आमच्या पुरुषांत बाई होण्याची, आई होण्याची इच्छा सहज वर येते. एकोणीसशे वीसच्या दशकात, गुलाम देशातल्या डॉक्टरने हे थेट फ्रॉइडला लिहिलं. कोण बरोबर होतं हे मी ठरवणारा कोण? पत्रकारितेचा डिप्लोमा आहे माझा, मानसशास्त्राचा नाही. पण समोरच्या रुग्णावर विश्वास ठेवून मोठ्या माणसाला "नाही" म्हणणं, हे धाडस मला कळतं.

एवढं होऊनही दोघांत कटुता आली नाही. १९३१ मध्ये फ्रॉइडला पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा कलकत्त्याच्या संस्थेने हस्तिदंती विष्णूची मूर्ती भेट पाठवली. फ्रॉइडने ती कामाच्या टेबलावर ठेवली. काही दिवसांनी तिला भेगा पडू लागल्या, तर कलकत्त्याची सवय असलेल्या देवाला व्हिएन्नाची हवा मानवत नाही की काय, असं त्याने गमतीने टिपून ठेवलं. १९३८ मध्ये हिटलरच्या भीतीने त्याला व्हिएन्ना सोडून लंडनला पळावं लागलं, तेव्हा बाकी संग्रहासोबत विष्णूही गेला. लंडनमधल्या त्या घराचं आता संग्रहालय झालंय.

आता ज्यासाठी ही सगळी पोस्ट, तिथे येतो.

१९३३ साली बोसांच्या पुढाकाराने कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात मनाच्या आजारांसाठी ओपीडी सुरू झाली. साध्या, सर्वसाधारण दवाखान्यात मनोविकाराचा बाह्यरुग्ण विभाग, भारतात पहिल्यांदाच. हे कारमायकेल म्हणजे आजचं आर. जी. कर, ज्याचं नाव २०२४ मध्ये एका फार वाईट घटनेने घरोघरी पोचलं.

ओपीडी ऐकायला किती साधी गोष्ट वाटते! पण त्या वेळचा कायदा बघा. १९१२ चा इंडियन लुनसी अ‍ॅक्ट. नावातच 'वेडेपणा'. माणसाला भरती करायचं तर बहुतेक वेळा दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागायचा. म्हणजे मनाचा आजार हा आजार कमी आणि कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न जास्त. उंच भिंत, कुलूप, आणि आत गेलेला बाहेर येईल याची खात्री नाही. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं तसाच चालू होता. त्याच्या जागी १९८७ चा कायदा आला, तोही प्रत्यक्ष लागू झाला १९९३ मध्ये. आणि बोसांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की ताप-खोकल्यासाठी माणूस जशी चिठ्ठी काढतो तशी चिठ्ठी काढून, ओळीत बसून, डॉक्टरशी बोलून संध्याकाळी घरी जाता येतं. शेजाऱ्याला काय, दवाखान्यात गेलो होतो एवढंच सांगायचं.

पुढे १९४० मध्ये भाऊ राजशेखरने दिलेल्या जागेत 'लुंबिनी पार्क' हे मनोरुग्णालय उभं राहिलं. मोजक्याच खाटांनी सुरुवात. नावाकडे लक्ष द्या. बुद्धाच्या जन्मगावाचं नाव, आणि पुढे पार्क, म्हणजे बाग. कुठेही 'वेडा' नाही, 'मेंटल' नाही. नावात काय असतं हे आपल्या पागलखाना चौकात राहणाऱ्याला विचारा.

१९४२ मध्ये बंगालचा विद्रोही कवी काझी नझरुल इस्लाम अचानक बोलेनासा झाला. वाचा गेली, भान हरपत चाललं. त्याला लुंबिनी पार्कमध्ये आणलं. काही महिने उपचार झाले, पण गुण आला नाही. १९५३ मध्ये त्याला व्हिएन्नाला नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, हा मेंदूचाच बरा न होणारा आजार आहे. नझरुल त्यानंतर १९७६ पर्यंत जगला, मुकाच. ही गोष्ट मुद्दाम सांगतोय. ऐकून घेणं हा प्रत्येक आजारावरचा उपाय नाही. काही आजार मेंदूचे असतात, काहींना गोळ्याच लागतात, काहींना त्याही पुरत नाहीत. बोसांची पद्धत लांबलचक, महागडी, महिनोन्‌महिने चालणारी. ती कलकत्त्याच्या शिकल्या-सवरल्या मध्यमवर्गापलीकडे फारशी गेली नाही. बोसांनी मन ऐकलं, पण सावकाराचं कर्ज आणि रिकामी कोठी ऐकली का? त्यांच्या लिखाणात भूक फार दिसत नाही. १९४३ च्या दुष्काळात त्याच कलकत्त्याच्या फुटपाथवर माणसं मरून पडत होती. आपल्या धान उत्पादकाचं दुखणं घेऊन मी त्यांच्याकडे गेलो असतो तर ते मला पुरे पडले असते, असं मला वाटत नाही.

पण माणूस अफाट होता. 'स्वप्न' नावाचं पुस्तक बंगालीत लिहिलं, कारण रुग्ण बंगालीत स्वप्नं बघतात. लाल आणि काळ्या मुंग्यांच्या लढाईची 'लाल कालो' ही गोष्ट पोरांसाठी लिहिली. पुराणांवर लिहिलं, गीतेवर लिहिलं. पाश्चात्त्य शास्त्राला आपल्या भाषेत शब्द शोधले. दाबून ठेवलेल्या मनाला बंगालीत 'निर्ज्ञान' म्हणतात. मराठीत आपल्याकडे त्याहून गोड शब्द आहे, 'नेणीव'. जाणीव आणि नेणीव. शब्द घरात आहे आणि वापरणारं कोणी नाही.

आपल्या महाराष्ट्रात तेव्हा काय चाललं होतं? त्याच १९२१ साली मुंबईत र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाचा दवाखाना काढला. ते गणिताचे प्राध्यापक. या कामामुळे १९२५ मध्ये कॉलेजची नोकरी गेली. १९२७ च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. कर्वे मनोविश्लेषक नव्हते, डॉक्टरही नव्हते. पण वाचक त्यांना आपल्या सगळ्यात लाजिरवाण्या शंका लिहून पाठवायचे आणि ते त्यांना थेट, न लाजता, न हिणवता उत्तर द्यायचे. विचार करा, ज्या पोराला आयुष्यात कोणालाच विचारता आलं नाही, त्याला छापील उत्तर मिळत होतं की तू पापी नाहीस, तू आजारी नाहीस. या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. लोकांनी विचारलं तर उत्तर द्यायचंच नाही का, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. खटला हरले. कर्व्यांना दंड झाला, दोनशे रुपये.

कलकत्त्यात ऐकून घेणाऱ्याला विद्यापीठाने पदवी दिली, दवाखान्याने खोली दिली, भावाने जागा दिली. मुंबईत ऐकून घेणाऱ्याला कोर्टाने दंड दिला. काम अगदी एक नव्हतं हे मान्य. तरी फरक टोचतो. आणि योगायोग असा की दोघंही एकाच वर्षी गेले. बोस ३ जून १९५३ ला, कर्वे १४ ऑक्टोबर १९५३ ला, आणि त्यांच्यामागे 'समाजस्वास्थ्य'ही त्याच वर्षी बंद पडलं.

नेमक्या त्याच सुमारास, १९५२ मध्ये, पॅरिसच्या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझीन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिलं आणि गोळ्यांचं युग सुरू झालं. फार मोठी गोष्ट होती ती. साखळीतली माणसं घरी जाऊ लागली. पण त्यासोबत बोलणं मागे पडलं. आज सरकारी ओपीडीत मनोविकाराच्या डॉक्टरसमोर ओळ लागलेली असते, एकेका माणसाला मिनिटं मिळतात ती मोजकी. त्यात "झोप येते का? गोळी चालू ठेवा" एवढंच होणार. डॉक्टरला दोष देऊन उपयोग नाही, त्याला दोन हातच आहेत.

कागदावर आपण बरंच पुढे आलोय. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. बेल्लारीच्या प्रयोगावरून १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, म्हणजे जिल्ह्याच्या दवाखान्यातच उपचार, नागपूरला पळायचं काम नाही. कल्पना बोसांचीच म्हणा ना, फक्त त्यांचं नाव न घेता. २०१७ च्या कायद्याने तर सांगूनच टाकलं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरून चालायचं, त्याला गुन्हेगार करायचं नाही, आणि त्याची काळजी घेणं, उपचार करणं हे सरकारचं कर्तव्य. हे आपल्याकडच्या किती पोलीस पाटलांना, सरपंचांना माहीत आहे? प्रयत्न फसलेल्या पोराच्या घरच्यांना आजही "केस होईल" अशी भीती घालून पैसे उकळणारे असतात. ही पोस्ट वाचणाऱ्यांत सरपंच असतील तर कलम लक्षात ठेवा, ११५.

आपला जिल्हा १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. २०१६ पासून गोंदियात सरकारी मेडिकल कॉलेज आहे. सालेकसा-देवरीकडच्या माणसाला तरी गोंदिया गाठणं म्हणजे अख्ख्या दिवसाची मजुरी बुडवणं. आणि तिथे पोचून बोलायचं कोणत्या भाषेत? घरी गोंडी किंवा पोवारी, बाजारात हिंदी, शाळेत मराठी. मनातलं दुखणं माणूस घरच्या भाषेत सांगतो. बोसांनी स्वप्नांचं पुस्तक इंग्रजीत न लिहिता बंगालीत लिहिलं ते यासाठीच असावं. आमच्या दवाखान्यात गोंडी समजणारा एक समुपदेशक बसवा, अशी मागणी कुठल्या निवडणुकीत मी अजून तरी ऐकली नाही. रस्ता, धानाचा बोनस, बावनथडीचं पाणी, हे सगळं हवंच. त्या यादीत हे एक लिहायला काय हरकत आहे?

येत्या काळात उमेदवार दारात आले की मी हा प्रश्न विचारणार आहे, आणि उत्तर काय येतं ते इथेच लिहीन. तुमच्या भागात ग्रामीण रुग्णालयात मनोविकाराचा डॉक्टर कोणत्या वारी येतो, येतो की नाही, हे ठाऊक असेल तर कळवा. तालुक्याचं नाव टाका, रुग्णाचं नाव टाकू नका.

आणि एक नंबर घरात लिहून ठेवा. केंद्र सरकारची टेलीमानस सेवा, १४४१६. २०२२ पासून सुरू आहे, फोन फुकट, दिवसरात्र चालू, मराठीतून आणि हिंदीतूनही बोलता येतं.